घरच्या घरी सब्लिमेशन प्रिंटिंग: प्रिंटर, हीट प्रेस आणि मग (कप) प्रेस भरपूर वापरून झाल्यावरचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. घरी सब्लिमेशन, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने टीशर्ट-मगवर उतरवायचं काम, सुरू करायचं असेल तर सगळ्यात जास्त पैसे हीट प्रेसवर, म्हणजे गरम प्लेटने दाबणाऱ्या मशीनवर, घाला, त्यानंतर चांगल्या कोटिंगच्या मग-टीशर्टवर, आणि प्रिंटरचा नंबर शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, प्रिंटर कुठला घेऊ, प्रिंटर कुठला घेऊ यातच सगळा वेळ आणि बजेट जातं, प्रेस म्हणून मग जो स्वस्तात मिळेल तो उचलला जातो, आणि रंग फिके आले किंवा कडा फिसकटल्या की सगळे शाईला नावं ठेवतात. शाई बिचारी बहुतेक वेळा ठीकच असते.

माझा सेट असा आहे: ए४ साइजचा नवा कोरा इंक टँक प्रिंटर, ज्यात पहिल्या थेंबापासून सब्लिमेशन इंकच भरली, ३८ बाय ३८ सेंटिमीटरचा म्हणजे १५ इंची चौकोनी हीट प्रेस, वेगळा मग प्रेस, सब्लिमेशन पेपर, हीट टेप (उष्णता सहन करणारी चिकटपट्टी), आणि ब्लँक म्हणजे पॉलिस्टरचे टीशर्ट, कोटेड मग, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ शीट, माउस पॅड. प्रेसची आणि ब्लँकची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण तोच माल वेगवेगळ्या लेबलखाली विकला जातो, नाव बघून घ्यायला गेलात तर फसाल, काय तपासून घ्यायचं ते कळलं तर कुठूनही घेता येईल.

हे सगळं चालतं कसं ते एकदा नीट समजून घ्या, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. सब्लिमेशन इंकमध्ये जो रंग असतो तो डिस्पर्स डाय, म्हणजे पॉलिस्टरचं कापड रंगवायला वापरतात त्याच जातीचा. तो आधी कागदावर छापायचा, कागद वस्तूवर पालथा ठेवायचा आणि साधारण १९० ते २०५ डिग्री सेल्सिअसला दाबून धरायचा. एवढ्या उष्णतेत रंगाचा थेट वायू होतो, मधे पातळ होणं वगैरे काही नाही, आणि तेव्हाच पॉलिस्टरचे धागेही सैल पडलेले असतात म्हणून तो वायू धाग्याच्या आत शिरतो, गार झालं की धागे आवळतात आणि रंग आत अडकून बसतो. म्हणून तर टीशर्टवर हात फिरवला तरी चित्र हाताला लागत नाही, व्हिनाइलसारखं (कापून चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ शीटसारखं) सोलून येत नाही, भेगा पडत नाहीत. मला या प्रकाराचं जे वेड लागलंय ते एवढ्याचसाठी, वस्तूवर काहीतरी चिकटवलंय असं वाटतच नाही, ती मुळातच तशी बनून आल्यासारखी दिसते.

पण त्याच कारणामुळे दोन बंधनं येतात आणि ती कुठल्याच युक्तीने सुटत नाहीत. एक म्हणजे रंग धरायला पॉलिस्टर किंवा पॉलिमरचं कोटिंग पाहिजेच. कॉटनवर प्रेस केल्या केल्या चित्र बरं दिसतं, पण धुतलं की निघून जातं कारण कॉटनच्या धाग्यात तो रंग शिरतच नाही. मिक्स कापडात जेवढं पॉलिस्टर तेवढाच रंग टिकतो, ६५ टक्क्यांच्या वर असेल तर जुन्या धुवट टीशर्टसारखा लुक येतो, काहींना तो आवडतो, मलाही काही डिझाईनला आवडतो. दुसरं म्हणजे या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रात जिथे पांढरं आहे तिथे खालच्या वस्तूचाच रंग दिसणार, त्यामुळे काळ्या किंवा गडद टीशर्टवर हे होत नाही, पिवळ्या टीशर्टवर निळं छापलं तर हिरवट येतं. ज्यांना मुख्यतः कॉटनच्या किंवा गडद टीशर्टवरच काम करायचंय त्यांनी सब्लिमेशन घेऊच नका, डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर चिकटवायची पद्धत) किंवा व्हिनाइलकडे जा, इथे पैसे घालून नंतर चिडण्यापेक्षा ते बरं.

आता प्रिंटर. कुठलाही इंकजेट चालतो असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. एचपी आणि कॅननच्या घरगुती इंकजेटमध्ये शाई उष्णतेने उडवतात आणि ही शाई मुळात उष्णतेवर चालणारी, त्यामुळे ते हेड (शाई सोडणारा भाग) तिच्यासाठी नाहीतच. एप्सनमध्ये पिएझो हेड असतं, ते विजेच्या धक्क्याने थेंब ढकलतं, गरम करत नाही, म्हणून जिकडे तिकडे एप्सनचे टँकवाले प्रिंटरच यासाठी घेतलेले दिसतात. ब्रदरचे इंकजेटही पिएझोच. टँकचा प्रिंटर सब्लिमेशनला लावला की त्याची वॉरंटी गेली असं धरूनच चाला, आणि घरातला जुना साधी शाई भरलेला प्रिंटर वळवायच्या भानगडीत पडू नका, नळ्यांमध्ये उरलेली जुनी शाई रंग बिघडवते आणि ती पूर्ण काढणं फार कटकटीचं असतं. नवा घ्या, बॉक्समधल्या साध्या शाईच्या बाटल्या बाजूला ठेवा आणि थेट सब्लिमेशन इंक भरा.

दुसरा रस्ता म्हणजे मुळातच सब्लिमेशनसाठी बनलेले प्रिंटर, एप्सनचा शुअरकलर एफ १७० (काही देशांत तो एफ १०० नावाने येतो) किंवा सॉग्रासचा एसजी ५००. हे दोन्ही ए४ साइजचे. एप्सनमध्ये बाटलीने टाकी भरायची असते, सॉग्रासला कार्ट्रिज लागतात. कंपनीचीच शाई, रंगाची सेटिंग्ज तयार, वॉरंटी शाबूत. ऑर्डर घेऊन नियमित काम करायचं असेल आणि रंगाच्या सेटिंगमध्ये डोकं घालायची इच्छा नसेल तर या रस्त्याने जा, जास्तीचे पैसे वसूल होतील. घरगुती हौस, आठवड्यातून थोडंफार काम, असं असेल तर टँकवाला प्रिंटर पुरेसा आहे, मला त्याच्यावर एकदाही अडल्यासारखं झालं नाही.

प्रिंटर निवडताना एक गोष्ट जरूर बघा जी स्पेसिफिकेशनच्या जाहिरातीत कोणी ठळक लिहीत नाही, कागद मागून जातो की समोरच्या ट्रेमधून. मागून जाणारा घ्या. समोरच्या ट्रेवाल्यात कागद आत वळून बाहेर येतो, सब्लिमेशन पेपर जरा जाड असतो, आणि गडद रंगाचा मोठा भाग छापलात तर बाहेर काढणाऱ्या दातेरी चाकांचे बारीक ठिपके ओल्या शाईवर रांगेने उमटतात. कागदावर ते दिसतही नाहीत, प्रेस केल्यावर मात्र निळ्या आकाशात ठिपक्यांची सरळ रेघ दिसते आणि तोपर्यंत टीशर्ट वाया गेलेला असतो. मागून सरळ जाणाऱ्या प्रिंटरमध्ये हा त्रास मला खूप कमी दिसलाय.

शाईबद्दल. शाईचा ब्रँड कुठला यापेक्षा विकणारा तिच्यासोबत आयसीसी प्रोफाइल देतो का ते विचारा. ही एक छोटी फाइल असते, स्क्रीनवरचा अमुक लाल त्या शाईने त्या कागदावर आणायचा तर कुठला रंग किती टाकायचा हे तिच्यात असतं. ती नसेल तर फुलापानांचं डिझाईन एक वेळ चालून जातं पण माणसांचे चेहरे लालसर किंवा हिरवट येतात आणि फोटोच्या मगमध्ये तेच तर बघतात सगळे. माझ्या पहिल्या शाईवाल्याने पेजवर प्रोफाइल देतो असं लिहिलेलं, प्रत्यक्षात कितीदा मेसेज करून मिळालं आणि मिळालं तेही दुसऱ्याच प्रिंटरचं, त्या शाईला मी दोनच स्टार देईन, रंग चांगले असूनसुद्धा. आताचा शाईवाला माझ्या प्रिंटरच्या मॉडेलचं प्रोफाइल बाटल्यांबरोबरच पाठवतो, कसं बसवायचं त्याचा व्हिडिओही देतो, तिथे पाचपैकी पाच. प्रोफाइल लावताना रंग एकाच ठिकाणी सांभाळायचा, डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल लावलं असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमधलं कलर मॅनेजमेंट बंद करायचं, दोन्हीकडे चालू राहिलं तर दुरुस्तीवर दुरुस्ती होऊन रंग भलतेच येतात.

आणि छापलेला कागद बघून काहीही ठरवू नका. कागदावर ही शाई मरगळलेली दिसते, काळा राखाडीसारखा, लाल विटकरी. खरा रंग उष्णतेनंतरच खुलतो. म्हणून मी एक रंगांचा तक्ता बनवला, सगळ्या छटांचे छोटे चौकोन आणि प्रत्येकाखाली त्याचा कोड, तो पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्यावर प्रेस केला आणि टेबलासमोर टांगला. आता डिझाईन करताना रंग स्क्रीनवरून न निवडता त्या कापडावरून निवडते, त्यामुळे नवीन ब्लँकवर सुद्धा काय येणार याचा अंदाज आधीच असतो. एक कागद आणि एक कापडाचा तुकडा एवढाच खर्च आहे, सुरुवातीलाच करून ठेवा.

आता मेन गोष्ट, हीट प्रेस. सगळ्यात आधी, इस्त्रीने हे होईल का? नाही होणार. इस्त्रीचं तापमान वरखाली होत राहतं, तळाला वाफेची भोकं असतात तिथे उष्णता कमी पोचते, आणि हाताने सारखा दाब पूर्ण मिनिटभर देता येत नाही, कागद किंचित सरकला तरी चित्राला दुहेरी सावली येते ज्याला घोस्टिंग म्हणतात. हाताने धरायचे छोटे प्रेस मिळतात, क्रिकटचा ईझीप्रेस वगैरे, ते २०५ डिग्रीपर्यंत जातात आणि टीशर्ट, पिशव्या यासाठी चांगलं काम करतात, जागा कमी असेल तर तो पर्याय खरंच विचार करण्यासारखा आहे. पण सपाट कडक वस्तूंवर, म्हणजे मेटल शीट किंवा लाकडी एमडीएफवर, टेबलावरचा प्रेसच पाहिजे कारण तिथे दाब एकसारखा लागतो.

टेबलावरच्या प्रेसमध्ये दोन जाती. एकात वरची प्लेट बिजागरीवर उघडते मिटते, त्याला क्लॅमशेल म्हणतात, दुसऱ्यात प्लेट उचलून बाजूला फिरवता येते, तो स्विंग अवे. माझा क्लॅमशेल आहे कारण त्याला बाजूला जागा लागत नाही. टीशर्टला आणि पातळ वस्तूंना उत्तम, जाड वस्तूला मात्र मागच्या बिजागरीकडच्या बाजूला दाब आधी आणि जास्त बसतो, पुढे कमी. शिवाय वस्तू ठेवताना गरम प्लेट तुमच्या हाताच्या बरोब्बर वर असते, घरात लहान मुलं असतील तर हे लक्षात घ्या. जागा असेल तर स्विंग अवे जास्त चांगला असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेस घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तापमान मोजणं, डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. डिस्प्लेवरचा आकडा म्हणजे प्लेटमध्ये एका जागी बसवलेल्या सेन्सरचा आकडा असतो, अख्ख्या प्लेटचा नाही. मला आलेल्या पहिल्या मशीनवर डिस्प्ले २०० दाखवत होता, मधोमध तेवढंच होतं, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यात १८५ च्या आसपास. छोट्या डिझाईनला कळणारही नाही, पण टीशर्टभर फोटो लावला की तो कोपरा धुतल्यासारखा फिका येतो. विकणाऱ्याने आधी एवढा फरक चालतो असं सांगितलं, मी प्लेटचे नऊ भाग करून प्रत्येक भागाचं तापमान आणि त्या फिक्या टीशर्टचा फोटो पाठवल्यावर मशीन बदलून दिलं. दुसरं मशीन खणखणीत आहे, कोपरे आणि मध्य यात चार-पाच डिग्रीच्या वर फरक नाही, आणि या मशीनला मी मनापासून पाचपैकी साडेचार देते, अर्धा स्टार कापला तो त्याच्या बीपरसाठी, इतका हळू आहे की शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो पण प्लेटला काळं टेफ्लॉन कोटिंग असेल तरच, चकचकीत उघड्या धातूवर तो आकडा चुकीचा दाखवतो. तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या प्लेटखाली वेगवेगळ्या जागी ठेवल्या तरी काम होतं. मशीन परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

फाइव्ह इन वन, एट इन वन असे कॉम्बो सेट खूप दिसतात, एकाच मशीनला टीशर्टची प्लेट, मगचा पट्टा, टोपीचा, डिशचा. फोटोत भारी वाटतं. मैत्रिणीकडे आहे, मी त्यावर बरंच काम केलंय आणि मला तो प्रकार पटला नाही, प्रत्येक वेळी गरम भाग गार होईपर्यंत थांबा, खोला, वायर काढा, दुसरा लावा, परत तापवा, आणि त्या वायरच्या पिना सारख्या काढूनघालून सैल होतात. टोपी आणि डिशचे भाग तर पडूनच आहेत. त्यापेक्षा एक साधा चांगला सपाट प्रेस आणि नंतर लागला तर वेगळा मग प्रेस, हेच बरं. हो, आणि ही मशीन्स वीज भरपूर ओढतात, भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर लावा, पातळ एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको.

टीशर्ट कसा करायचा ते एकदा संपूर्ण सांगते. आधी चिकट रोलर फिरवायचा, अगदी नवीन टीशर्टवरही. हे कंटाळवाणं वाटतं पण हवेतला एखादा सूक्ष्म धागा कापडावर राहिला की उष्णतेत त्याचा रंग सुटतो आणि पांढऱ्यावर निळा किंवा लाल ठिपका कायमचा बसतो, तो कशानेच निघत नाही. मग टीशर्ट नुसताच पाच-दहा सेकंद प्रेस करायचा, त्याने ओल जाते, सुरकुत्या जातात, आणि कापड आकसायचं असेल ते आधीच थोडं आकसून घेतं. डिझाईन मिरर करून, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं, छापलेलंय ना ते बघायचं. कागदाच्या कडा कात्रीने सरळ कापलेल्या असतील तर टीशर्टवर त्या चौकोनाची ठसठशीत रेघ उमटते, म्हणून मी डिझाईनच्या बाहेरचा कागद हाताने फाडून कडा विरळ करते, आणि दाब मध्यमच ठेवते. कागद हीट टेपने दोन-तीन ठिकाणी चिकटवायचा. टीशर्टच्या आत एक साधा कोरा कागद, कारण वायू पातळ कापडातून मागच्या बाजूपर्यंत जातो, आणि वरून अजून एक कोरा कागद म्हणजे प्लेटला रंग लागत नाही. १९० ते २०० डिग्रीला ४५ ते ६० सेकंद, मग उघडून कागद एका झटक्यात सरळ वर उचलायचा, घासत ओढायचा नाही, कारण अजून वायू सुटतच असतो.

तो कागद उचलतानाचा क्षण हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात सुंदर क्षण आहे, मरगळलेल्या कागदाखालून असे काही तळपते रंग निघतात की कितीही वेळा केलं तरी मला तेवढाच आनंद होतो.

मशीनसोबत एक टेफ्लॉन शीट येते आणि माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ती सगळ्याला वापरा. सब्लिमेशनला नका वापरू. टेफ्लॉन रंग शोषत नाही, पृष्ठभागावर धरून ठेवतं आणि पुढच्या वस्तूला देतं, मग नव्या पांढऱ्या टीशर्टवर आधीच्या डिझाईनची पुसट छाया येते. दर वेळी नवीन कोरा कागद, एवढं साधं आहे.

मग प्रेसबद्दल थोडं वेगळं मत आहे. वस्तू म्हणून चांगली आहे, पण त्याच्याकडून काय होत नाही ते कळलं पाहिजे. गरम पट्टा मगभोवती गुंडाळला जातो आणि कानाच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सुटते, तिथे उष्णता कमी पोचते, म्हणून डिझाईन कानाला भिडवायचं नाही. नेहमीच्या ११ औंसाच्या मगला साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच डिझाईन आरामात बसतं. अगदी वरच्या आणि खालच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर पट्टा तिथपर्यंत पोचतो का आधी बघा, माझा खाली किंचित कमी पडतो. तापमान आणि वेळ मशीनप्रमाणे बदलते, साधारण १८० ते २०० डिग्री आणि तीन ते चार मिनिटं या हद्दीत आपलं जमतं. कागद मगवर इतका ताणून चिकटवायचा की बोटाने दाबलं तर कुठेही पोकळ लागू नये, एक बारीक चुणी राहिली तरी त्या जागी पांढरी रेघ येते. झाल्यावर जाड हातमोज्याने मग काढायचा, टेप आणि कागद लगेच काढून टाकायचे आणि तो आपोआप गार होऊ द्यायचा. काही जण गरम मग पाण्यात बुडवतात, मला ते पटत नाही, तडा जायची भीती असते.

मग मात्र कोटेडच हवा, साध्या दुकानातला पांढरा मग नाही चालत, आणि कोटिंग आहे की नाही ते नुसतं बघून नीट ओळखताही येत नाही. कोटिंगचा दर्जा तर प्रेस केल्यावरच कळतो. वाईट लॉटमध्ये रंग फिके येतात, पांढरा भाग पिवळट पडतो, जागोजागी टाचणीच्या टोकाएवढे रंगच न घेतलेले ठिपके दिसतात. म्हणून एकदम पेटीभर घेऊ नका, थोडे घेऊन करून बघा, आवडले तर त्याच लॉटचे घ्या. माझा अनुभव असा की स्वस्तातले मग शेवटी महागच पडतात, कारण बिघडलेला मग परत दुरुस्त होत नाही.

नवशिक्यांनी मगने सुरुवात करू नका असं मी सगळ्यांना सांगते. माउस पॅडने करा, सपाट असतं, वर पॉलिस्टरचं पांढरं कापड असतं, सरकत नाही, पहिल्याच दिवशी छान येतं. नंतर अ‍ॅल्युमिनियमची शीट, फोटोसाठी त्यासारखं दुसरं काही नाही, एवढी खोली आणि चमक कागदावरच्या फोटोला येत नाही. त्यावर एक पारदर्शक फिल्म असते, प्रेस करायच्या आधी ती काढायची, ती इतकी पातळ असते की आहे हेच कळत नाही, नखाने कोपरा खरवडून बघायचं.

कागदाचं पटकन सांगते. १०० ते १२५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) चांगला कागद घ्या, जास्त पांढरीशुभ्र बाजू छापायची असते. दमट हवेत तो ओल शोषतो, आणि प्रेसमध्ये त्याची वाफ होऊन डाग येतात, म्हणून झिपच्या पिशवीत ठेवा.

प्रिंटर पडून राहिला तर हेड चोंदतं, हा सगळ्यांचा नंबर एकचा त्रास. या शाईतला रंग पाण्यात विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो, त्यामुळे तो खाली बसतो. टाकी भरायच्या आधी बाटली हळूच हलवायची, आणि काम नसलं तरी तीन-चार दिवसांनी सगळे रंग असलेलं एक छोटं पान छापायचं. मोठं काम असेल त्या दिवशी आधी नोझल चेक (शाईची भोकं मोकळी आहेत का ते दाखवणारं प्रिंटरचं टेस्ट पान), त्यात रेघ तुटलेली दिसली तरच हेड क्लीनिंग, उगाच सारखं क्लीनिंग करत बसलं तर शाई वाया जाते आणि आतला शाई शोषणारा पॅडही लवकर भरतो.

खिडकी उघडी ठेवून काम करा, प्रेस उघडताना वाफ आणि वास दोन्ही येतं, विशेषतः एमडीएफला. आणि टंबलरसाठी (उंच ग्लाससारख्या कपासाठी) ओव्हन वापरायची पद्धत आहे, तो ओव्हन मात्र वेगळाच ठेवा, स्वयंपाकाचा त्यासाठी कधीही वापरू नका.

टिकतं किती? टीशर्ट उलटा करून धुवा, ब्लीच नको, आणि चित्रावर कडक इस्त्री नको कारण पुरेशी उष्णता मिळाली तर रंग परत सुटून दुसरीकडे लागू शकतो. एवढं पाळलं तर कापड विरतं पण चित्र तसंच राहतं, माझे सुरुवातीचे टीशर्ट अजून वापरात आहेत. मगवर तारेची घासणी नको, कोटिंगला ओरखडे गेले की रंगही जातो. मेटलचे फोटो थेट उन्हात लावू नका, उन्हाने ही शाई उडते, घराबाहेरच्या पाट्यांची ऑर्डर कोणी दिली तर हे आधीच सांगून टाका.

ज्यांचं अजून नक्की नाही त्यांच्यासाठी प्रिंटरशिवायही एक मार्ग आहे. सब्लिमेशनचे मार्कर मिळतात, क्रिकटचे इन्फ्युजिबल इंक पेन आणि शीट पण याच तत्त्वावर चालतात. साध्या कागदावर मार्करने चित्र काढायचं, अक्षरं असतील तर उलटी, आणि तसंच प्रेस करायचं. मुलांनी काढलेलं चित्र जसंच्या तसं टीशर्टवर येतं आणि त्यांना त्याचं जे काही कौतुक वाटतं ते बघण्यासारखं असतं. सब्लिमेशन पेपरवर डिझाईन छापून देणारेही आहेत, त्यांच्याकडून छापून घ्या आणि प्रेस फक्त तुमचा. दोन-तीन महिने असं करून बघा, तोपर्यंत मग करायला आवडतात का कापड का मेटल ते आपोआप कळेल, आणि ए४ पुरेल का मोठा प्रिंटर लागेल तेही तेव्हाच ठरवा, कारण १५ इंची प्रेसवर ए४ पेक्षा मोठं डिझाईन बसतं आणि टीशर्टवालं काम वाढलं की पहिली कमतरता नेमकी तीच जाणवते.